हलवून खुंटा

आमच्या अण्णांच्या गॅरेजात गाडीखाली शिरण्याआधी एक विधी असायचा. गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी टेकूवर, बसली, जॅक सैल सोडून बाजूला ओढला, की अण्णा दोन्ही तळहात मडगार्डवर टेकवून गाडीला गदागदा हलवायचे. एकदा समोरून, एकदा कुशीतून. हलवताना गाडीशी बोलायचे, "पडायचं आसंल तर आत्ता पड." ती पडली नाही की पोऱ्याकडे बघून मान हलायची. म्हणजे जा आता खाली.

तो पोऱ्या पुष्कळदा मीच असे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली पत्र्याची शेड, मे महिन्याची सुट्टी आणि वय वर्षं बारा. गोणपाटावर पाठ टेकून सरपटत आत गेलं की नाकापासून वीतभर अंतरावर फियाटचा सायलेन्सर, त्याला चिकटलेला गेल्या पावसाळ्यातला वाळका चिखल, आणि डोक्यात एकच हिशोब: आत्ता हलवली तेव्हा पडली नाही, म्हणजे आता पडणार नाही. या हिशोबात किती दम आहे हे त्या वयात तपासलं नाही.

पुढं शाळेत 'हलवून खुंटा बळकट करणे' हा वाक्प्रचार आला. ठरलेली गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून पक्की करून घेणे, असा अर्थ बाईंनी फळ्यावर लिहिला. वाक्यात उपयोग करताना मी घोडीवर चढवलेली जीप घातली. बाईंनी लाल रेघ ओढली. खुंट्याला गाय बांधतात, जीप नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. अर्धा गुण गेला. मला अजूनही वाटतं की त्या वर्गात त्या वाक्प्रचाराचा खरा अर्थ एकट्या मलाच कळला होता.

घोडी म्हणजे ज्याला इथं अमेरिकेत जॅक स्टँड म्हणतात ते. अण्णांच्या घोड्या दुकानातून आणलेल्या नव्हत्या. भंगारातल्या जीपच्या ॲक्सलची नळी, तिला तीन अँगलचे पाय, नळीत सरकणारी दुसरी नळी, दोन्हींना आरपार भोकं आणि भोकातून जाणारी बोटभर जाडीची खीळ. वर चॅनेलचा तुकडा, इंग्रजी यू सारखा, म्हणजे ॲक्सल त्यात बसावा. उद्यमनगरात वेल्डिंगवाल्याला एवढं सांगितलं की संध्याकाळपर्यंत घोडी तयार. एकदा कुणीतरी खीळ सापडेना म्हणून तिच्या जागी हाताशी आलेला बारीक बोल्ट घातला. अण्णांनी नेहमीप्रमाणे हलवलं आणि जीप एका अंगावर बसली. खाली कोणी नव्हतं, कारण हलवायच्या आधी कोणी खाली जातच नसे. त्या दिवशी अण्णा कुणावर ओरडले नाहीत. दुपारी सायकलच्या साखळीचे तुकडे आणून त्यांनी प्रत्येक घोडीला तिची तिची खीळ कायमची बांधून टाकली.

आता मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो आणि माझ्याकडे 2003 सालची एक माझ्दा मियाटा आहे. दोन माणसांची, छपराची घडी घालून मागे टाकता येणारी, जेमतेम अकराशे किलोची. ही गाडी पहिल्यांदा 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि 2016 मध्ये तिचा आकडा दहा लाखांवर गेला. मी घेतली ती 2012 मध्ये, जुनी, एका निवृत्त बाईंकडून. बायको म्हणाली, "दोन माणसांची? आपण तिघं आहोत." मुद्दा बिनतोड होता. पण मी या गावात 2007 मध्ये आलो होतो, सीटचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. 2009 च्या 30 एप्रिलला क्रायस्लर आणि 1 जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. त्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावर एक टेबल सोडून एक टेबल रिकामं झालं. आपलं टेबल भरलेलं राहिलं याचा आनंद करायचीही लाज वाटत होती. तीन वर्षांनी जरा श्वास घेता आला तेव्हा मला पूर्णपणे निरुपयोगी असं काहीतरी विकत घ्यायचं होतं. तिला हे सांगितलं. ती हसली आणि चावी स्वतःच घेऊन एक चक्कर मारून आली.

गाडी घरी आली की ती उचलावी लागणारच. इथल्या वर्कशॉपचा ताशी दर ऐकला की ऑइल बदलायला आपोआप हात शिवशिवतात. मला वाटलं, आपल्याला काय नवीन आहे यात? जन्म गेला.

तर नवीन होतं. अण्णांच्या गॅरेजात येणारी जीप म्हणजे दोन जाड लोखंडी गर्डरवर ठेवलेलं खोकं. चॅसी. तिला कुठंही जॅक लावा, तक्रार नाही. फियाटला तसली चॅसी नव्हती, पण मागं आडवा सलग ॲक्सल होता, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला. त्याखाली घोडी सरकवली की ती जणू तिथंच जन्मली असावी अशी बसायची. मियाटाला ना चॅसी, ना सलग ॲक्सल. चारही चाकं स्वतंत्र आर्मवर. पत्र्याचे तुकडे एकमेकांना जोडून जो सांगाडा झाला तीच गाडी. खाली वाकून बघितलं तर घोडी ठेवावी अशी जागा दिसेना. जिकडे तिकडे पाइप, आर्म, पातळ पत्रा.

कंपनीनं जागा दिलेली असते, पण ती बघून माझा तरी विश्वास बसला नव्हता. दाराखालचा उंबरठा दोन-तीन पत्रे जुळवून केलेला असतो. ते जिथं जुळतात तिथं ठिपक्याठिपक्यानं वेल्ड करतात आणि खाली बोटभर रुंदीची एक पट्टी लोंबत राहते. करंजीची कड दाबून मिटवतात ना, अगदी तशी. पुढच्या चाकामागं आणि मागच्या चाकापुढं या कडेला दोन दोन खाचा असतात, त्या दोन खाचांच्या मधली जागा आतून जाड केलेली. तिथं लावा जॅक, म्हणतात. म्हणजे सारण भरलेली करंजी कडेला धरून उचला.

डिकीत मिळणाऱ्या छोट्या स्क्रू जॅकचं डोकं बारकाईनं बघितलं की कळतं, तो कडेवर वजन घेतच नाही. त्याच्या डोक्यात एक खाच असते. कड त्या खाचेत शिरते आणि वजन पडतं ते कडेच्या दोन्ही अंगांच्या सपाट पत्र्यावर. कड फक्त वाट दाखवते. पण घरी कोण तो जॅक वापरतं? आपण आणतो ट्रॉली जॅक, चाकांचा, लांब दांड्याचा. त्याचं डोकं म्हणजे एक गोल ताटली. ती ताटली थेट करंजीच्या कडेला भिडते, आणि दोन-चार वर्षांत कड आडवी होते. मी घेतली तेव्हा माझ्या गाडीची उजवीकडची कड आधीच लवलेली होती. त्या बाईंचा काही दोष नसावा, टायरवाल्यांना घाई असते.

आणि दुसरं कोडं याहून मजेशीर. खाचांमधल्या जागेत जॅक लावून गाडी उचलली, तर स्टँड कुठं ठेवायचा? जागा एकच, गिऱ्हाइकं दोन. जॅक काढल्याशिवाय स्टँड बसत नाही आणि स्टँड बसल्याशिवाय जॅक काढता येत नाही.

जॅकवर सोडून काम करायचं नाही, याबद्दल मात्र दुमत नाही. ट्रॉली जॅकच्या पोटात थोडं तेल असतं. लहान दट्ट्यावर आपण जोर देतो, तेलातून तो मोठ्या दट्ट्याकडं जातो आणि तिथं वाढून बसतो. पास्कलचं तत्त्व शाळेत शिकलेलं असतं, आणि याच तत्त्वावर जोसेफ ब्रामानं 1795 मध्ये दाबयंत्राचं पेटंट घेतलं. सगळं खरं. पण ते तेल जागच्या जागी धरून ठेवतो तो एक रबरी सील. तो झिजतो, वाळतो, एखाद्या धातूच्या कणानं त्यावर चरा पडतो. वर टांगलेली गाडी त्या रबराच्या कड्यावर असते. अण्णा म्हणायचे, जॅक हा पाहुणा आहे. आला, उचललं, गेला. घर घोडीवर चालतं.

म्हणून मी दुसरा रस्ता धरला. मागून डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, खाली जॅक लावून गाडीचं बूड उचलायचं आणि खाचांखाली दोन स्टँड सरकवायचे. पुढून तसंच, आडव्या बीमखाली. पुष्कळ जण असंच करतात आणि नीट केलं तर ते चालतंही. मी काही वर्षं केलं. मग 2018 च्या ऑक्टोबरमधला तो रविवार आला.

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावं म्हणून. ते मीठ गाडीच्या पोटाला खातं. त्यात मियाटाच्या मऊ छपराचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्यांत पाचोळा अडकला की पाणी उंबरठ्याच्या आतच साचतं. नळ्या साफ करायच्या असतात. मी केल्या नव्हत्या. बाहेरून काळा लेप शाबूत, आत गंज. कड हाताला टणक लागत होती.

मागचे ब्रेक पॅड बदलायचे होते. बूड उचललं, स्टँड ठेवले, जॅक काढला, चाकं काढली. डावं चाक सवयीनं उंबरठ्याखाली आडवं सरकवलं. ही अण्णांची शिस्त, काढलेलं चाक भिंतीला टेकवायचं नाही, गाडीखाली झोपवायचं. मग मी गाडी हलवली. खरं सांगायचं तर हलवली म्हणजे बसस्टॉपवरून दिसणाऱ्या देवळाला आपण चालता चालता नमस्कार करतो तेवढीच. एका हातानं. दुसऱ्या हातात पाना होता.

कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या पकडीचा, बोल्ट गंजलेला. पान्याला पाइप अडकवून ओढलं. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला पायाखालून एक बारीक आवाज आला, पापड मोडल्यासारखा, आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत चार बोटं पुढं सरकली. कड स्टँडच्या खोबणीतून दुमडून सुटली, स्टँड कलंडला, आणि मागचं डावं अंग खाली आलं ते थेट झोपवलेल्या चाकावर. धप्प. रिमला पोचा पडला. माझा पाय तिथून हातभर लांब होता.

पुढं का सरकली, याचं उत्तर काढायला मला अर्धा तास लागला, कारण आधी पायऱ्यांवर बसून पाणी प्यावं लागलं. हँडब्रेक मागच्या चाकांवर. इंजिनाचा जोरही मागच्याच चाकांना, म्हणजे गिअरमध्ये टाकलं तरी धरणार मागचीच चाकं. आणि मागची चाकं तर मी हवेत उचललेली, नव्हे काढून ठेवलेली! गाडीला जमिनीशी बांधणारं आता काहीच नव्हतं, पुढच्या चाकांना लावलेल्या पाचरींशिवाय. त्या मी फक्त पुढच्या उजव्या चाकाला लावल्या होत्या, त्याही सैल, चाकापासून दोन बोटं सोडून.

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, डबा.

चाकाला दगड लावणं ही आपल्याकडं किती साधी गोष्ट आहे. घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर आधी उडी मारून दगड शोधतो, मग बाकीचं. (आणि ट्रक निघाला की तोच दगड रस्त्याच्या मधोमध ठेवून जातो, रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यासाठी. या एका गोष्टीवर अण्णा कायम क्लीनर लोकांशी भांडत आले.) आमच्या घरात त्या दिवसानंतर काळ्या रबरी पाचरींची संख्या दोनाची चार झाली. मुलगी इथं जन्मलेली, पण ती त्यांना दगडच म्हणते. "बाबा, दगड लावले?" हा प्रश्न ती गॅरेजच्या दारातून विचारते आणि मी होय म्हटल्यावरही आत येऊन बघते. एकेका दगडाला पायानं ढोसते.

रेल घ्यायचं ठरलं ते त्या हिवाळ्यात. जॅकिंग रेल म्हणजे उंबरठ्याच्या लांबीची लोखंडी पट्टी, उंबरठ्याच्या कडेला दोन्हीकडून घट्ट धरणारी. मधल्या फटीत करंजीची कड बसते, बाजूनं बोल्ट आवळले जातात, आणि पट्टीचे वरचे काठ कडेच्या दोन्ही अंगांना सपाट पत्र्याला जाऊन भिडतात. त्या छोट्या स्क्रू जॅकच्या डोक्यात जी अक्कल होती तीच इथं पुढच्या खाचांपासून मागच्या खाचांपर्यंत ओढून नेलेली. वजन एका ठिपक्यावर न पडता दोन-अडीच हात लांबीवर पसरतं. खालचा तळ सपाट.

आणि ते एका जागेचं भांडण मिटतं. रेलच्या मधोमध जॅक लावायचा, गाडीचं एक अंग, पुढचं आणि मागचं चाक एकदम, उचललं जातं. दोन टोकं मोकळी. तिथं दोन स्टँड. जॅक शांतपणे काढून घ्या. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी गाडी उतरवली आणि काही काम नसताना पुन्हा चढवली.

बसवण्याचं काम मात्र दोन शनिवार खाऊन गेलं. आधी वाकलेली कड पकडीनं सरळ करायची. ती सरळ होताना जिथं मोडली तिथला पत्रा कापून माझ्या ओळखीच्या वेल्डरकडून नवा लावून घेतला, कारण सडलेल्या उंबरठ्यावर रेल लावणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला रंग देणं. बाहेरून झकास दिसेल, आणि आत काय चाललंय ते आता तुम्हाला दिसणारही नाही. मग गंज घासला, करंजीच्या कडेत बोल्टसाठी भोकं पाडली, भोकांच्या उघड्या कडांना गंजरोधक रंग दिला, मेण भरलं, बोल्ट आवळले. दर वर्षी एप्रिलमध्ये बर्फ गेलं की रेल सोडून आत बघायचं, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. मीठ रेल आणि कड यांच्या फटीत जाऊन बसतंच. गाडी जमिनीपासून इंचभर कमी उंच झाली, त्यामुळं आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर एकदा खर्रकन आवाज आला. तेवढी किंमत आहे.

चारही चाकं उचलायची तर एका दमात एक बाजू कमरेएवढी वर न्यायची नाही, हेही शिकलो. एक बाजू थोडी, स्टँड सगळ्यात खालच्या दात्यावर. मग दुसरी बाजू थोडी. मग पुन्हा पहिली. कारण दुसरी बाजू वर जाताना गाडी पहिल्या स्टँडवर कलते, आणि स्टँड जितका उंच तितका तो कल वाईट. जॅकचं डोकंही सरळ वर जात नाही, कमानीत जातं. म्हणून उचलताना जॅकची चाकं मोकळी फिरली पाहिजेत, नाहीतर तो गाडीलाच आपल्याकडं ओढतो. खडीवर, मातीवर ट्रॉली जॅक चालत नाही तो याचसाठी. आणि जुलैत डांबरी अंगणात स्टँडचे पाय हळूहळू रुतत जातात, लोण्यात सुरी जावी तसे. खाली प्लायवुडचा तुकडा टाकतो.

विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे यांचं नाव काढू नका. लाकूड मोडायच्या आधी करकरतं, चेपतं, काहीतरी सांगतं. वीट एक शब्द बोलत नाही, थेट भुगा होते. अण्णांच्या शेडच्या कोपऱ्यात सागाचे ठोकळे रचलेले असत, तेल पिऊन काळे झालेले, आणि त्यांना बसायला घेतलं तर ते ओरडत.

2020 मध्ये एक वेगळीच गंमत झाली. गंमत म्हणायची आता. इथल्या एका मोठ्या हत्यारांच्या दुकानसाखळीनं आपले तीन टनी आणि सहा टनी स्टँड परत मागवले, सगळे मिळून सतरा लाखांच्या आसपास. या स्टँडमध्ये खीळ नसते. मधल्या दांड्याला दाते असतात आणि आत एक कुत्रा, म्हणजे लोखंडी खटका, त्या दात्यांत अडकतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तेच कुत्रे, मोठे झालेले. कारखान्यातले साचे झिजले होते, दाते सारखे कापले जात नव्हते, कुत्रा पूर्ण बसत नव्हता. स्टँडला जरा धक्का लागला की दांडा एकदम खाली. पैसे परत किंवा तेवढ्या किमतीचं दुकानाचं गिफ्ट कार्ड. मग त्याच वर्षी त्यांच्या जागी आलेल्यांपैकी काही स्टँडही परत मागवले. त्यांची वेल्डिंग सदोष होती.

माझ्याकडं यातली एक जोडी होती. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये कलंडली ती हीच का, हे सांगता येत नाही. त्या दिवशी दोष कडेचा होता, गंजाचा होता, माझा होता. पण त्यानंतर दोन वर्षं मी त्याच जोडीवर गाडी चढवून तिच्याखाली झोपलो होतो.

फोनवर अण्णांना सांगितलं. घोडीच्या पोटातल्या कुत्र्यानं दगा दिला म्हटल्यावर ते मनसोक्त हसले. मग विचारलं, "खिळीची मिळत न्हाई काय तिकडं?" मिळते. आता माझ्याकडं खिळीचे स्टँड आहेत. विकत घेतलेले, लाल रंगाचे, प्रत्येकावर त्याची क्षमता छापलेली. ती वाचतानाही जरा थांबावं लागतं, कारण बऱ्याच स्टँडवर छापलेला आकडा एकाचा नसतो, जोडीचा असतो. खीळ साखळीनं बांधलेलीच आली. ती साखळी बघून मला उद्यमनगरातली ती दुपार आठवली.

रेल आल्या, स्टँड आले, दगड चार झाले, आणि माझ्या लक्षात आलं की माझं हलवणं पुन्हा पातळ झालंय. एक हात, तोही वरवर. सामान जितकं महाग तितका आपला धक्का हलका होत जातो. अण्णांच्या घोड्या गावठी होत्या, कोणत्या ॲक्सलची नळी आणि कुणाच्या हातचं वेल्डिंग, छापील आकडा कुठंच नाही. म्हणून ते प्रत्येक वेळी खरोखर विचारत: पडतेस का? माझ्याकडं छापील आकडा होता, त्यामुळं मी विचारत नव्हतो, फक्त विचारल्यासारखं करत होतो. बाईंनी सांगितलेला अर्थ आठवला, ठरलेली गोष्ट पुन्हा विचारणे. अण्णांच्या हातात तो खुंटा कधी ठरलेला नसायचाच.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अण्णा आले. आता त्यांना खाली बसता येत नाही, गुडघे गेले. गॅरेजात उलट्या बादलीवर उशी ठेवून त्यांची बैठक. गाडी चारही स्टँडवर, मी चाकांच्या फळीवर पडून खाली, गिअरबॉक्सचं तेल काढत होतो. मुलगी त्यांच्या शेजारी जमिनीवर. त्या दोघांचं काहीतरी चाललं होतं. तिचं मराठी आणि त्यांचं मराठी यांची गाठ मधूनमधून पडत होती.

"ही पट्टी कितीला घेतलास?" अण्णांनी विचारलं.

मी खालून निम्मी किंमत सांगितली. ते गप्प. रुपयात करत असणार. मग म्हणाले, "एवढ्यात आपल्याकडं अख्खी चॅसी मारून दिली आसती." थोड्या वेळानं, "धाकट्याच्या स्विफ्टची कड बी वाकलीया. टेप हाय काय? माप घेतो."

मी म्हटलं, "मी घेतो की, खालीच आहे."

"तू आदी भायेर ये."

"अण्णा, गाडी नीट बसलीये. मी हलवून बघितलीये."

"बघितलास आसशील. भायेर ये."

मी फळी ढकलत बाहेर आलो. अण्णा बादलीवरून उठले, भिंतीला धरून, मग दाराच्या खांबाला धरून. पुढच्या मडगार्डपाशी आले. दोन्ही तळहात टेकवले, आणि हलवली. त्या हातांत आता पूर्वीचा जोर नव्हता, गाडी जेमतेम थरथरली. ओठ हलत होते. मुलीनं माझ्याकडं बघितलं, मग ती गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहून तिनंही दोन हात लावले. दोघांनी कुशीतून एकदा हलवली.

मग ते बादलीवर जाऊन बसले. माप मुलीनंच घेतलं, पोटावर झोपून, फक्त डोकं आणि हात उंबरठ्यापाशी नेऊन. ती मिलिमीटर सांगत होती आणि अण्णा पिझ्झाच्या खोक्यावर पेन्सिलीनं सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, लिहीत होते. फट दीड सूत. लांबी त्यांनी तिला दोनदा मोजायला लावली. बोल्टांमधलं अंतर, पट्टीची जाडी. चित्र काढलं, बाण काढले. सगळ्यात खाली मी सांगितलेली किंमत रुपयात लिहिली, तिच्याखाली दोन रेघा मारल्या, आणि मला विचारलं, "खरी किती?"